झुपकीचा कापूस

चिकूचं झाड होतं. झाडावर घरटं होतं. घरट्यात राहायची झुपकी खार.

झुपकी एवढीशी. पण तिची शेपटी बघावी. अशी झुपकेदार, अशी झुपकेदार, की सगळे तिला झुपकीच म्हणायचे.

झुपकीला तीन पिल्लं झाली. गुलाबी गुलाबी, बोटाएवढी. अंगावर केस नाहीत, काही नाही. आणि घरटं कसलं? काटक्यांचं. पिल्लू इकडे वळलं की काटकी टोचे. तिकडे वळलं की काटकी टोचे.

चीं चीं चीं. पिल्लांना झोपच येईना.

झुपकी म्हणाली, "थांबा हं. मी मऊ मऊ कापूस आणते. मग तुम्ही झोपा."

झुपकी निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. बांधावर सावरीचं झाड होतं. उन्हाने त्याची बोंडं फुटली होती. फट्, फट्. आत पांढरा पांढरा कापूस.

झुपकीने कापूस काढला. थोडा नाही, चांगला तोंडभर. एवढा कापूस तोंडात धरून झुपकी परत निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. कुंपणावरून आली. पिनूच्या घराच्या खिडकीत आली. तिथे तिला दम लागला. तिने कापूस खिडकीत ठेवला. म्हणाली, "जरा बसते."

तेवढ्यात वारा आला. भुर्रर्र.

कापूस उडाला. गजातून आत गेला. आत खाट होती. कापूस खाटेवर पडला. आणि पिनू आला आणि त्याच्यावर बसला. धप्प.

पिनू पाच वर्षांचा. त्याला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. पिनूच्या हातात मोबाईल होता. मोबाईलमध्ये चित्रं नाचत होती. टिडिंग टिडिंग. पिनू चित्रं बघत होता. त्याने कापूस पाहिला नाही. झुपकीलाही पाहिलं नाही.

झुपकी म्हणाली, "पिनूदादा, पिनूदादा, ऊठ ना."

"का गं?"

"तू माझ्या कापसावर बसलास. माझी पिल्लं झोपेनात."

पिनूने मान वर केलीच नाही. म्हणाला, "मी नाही उठणार. मोबाईल चालू आहे. मोबाईल थांबला की उठेन."

झुपकी खाटेवर चढली. टुणुक. मोबाईलजवळ गेली.

"मोबाईलराव, मोबाईलराव, तुम्ही थांबा ना."

"का गं?"

"पिनू उठेना,
कापूस मिळेना,
आणि माझी पिल्लं झोपेनात."

मोबाईल म्हणाला, "मी नाही थांबणार. एक चित्र संपलं की मी दुसरं लावतो. दुसरं संपलं की तिसरं लावतो. थांबायचं कसं ते मला येतच नाही. पिनूची आई मला उचलून ठेवेल, तेव्हा मी थांबेन."

टिडिंग टिडिंग. त्याने पुढचं लावलंसुद्धा.

झुपकी निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. अंगणात आली.

अंगणात पिनूची आई बसली होती. डोक्यावर पदर, हातात काठी. समोर जुनं पातळ अंथरलेलं. पातळावर कुरडया. गोल गोल, पांढऱ्या पांढऱ्या, अजून ओल्या.

झुपकी म्हणाली, "पिनूच्या आई, पिनूच्या आई, घरात या ना."

"का गं?"

"मोबाईल थांबेना,
पिनू उठेना,
कापूस मिळेना,
आणि माझी पिल्लं झोपेनात."

आई म्हणाली, "मी नाही येणार. पहाटे उठून चीक शिजवला. हात दुखेपर्यंत कुरडया घातल्या. आता तो कावळा बघ. मी उठले की आला. आला की पळवली कुरडई. कावळा कुरडया सोडेल, तेव्हा मी येईन."

आईने काठी आपटली. ठक् ठक्. "हाड् हाड्."

झुपकीने वर पाहिलं. पत्र्यावर कावळा होता. काळा काळा, मोठा मोठा. झुपकीला कावळ्याची फार भीती वाटते. पण चिकूवरून आवाज आला, चीं चीं चीं.

झुपकी निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. पत्र्यावर चढली. जरा लांबच उभी राहिली.

"कावळेदादा, कावळेदादा, कुरडया सोडा ना."

"का गं?"

"आई येईना,
मोबाईल थांबेना,
पिनू उठेना,
कापूस मिळेना,
आणि माझी पिल्लं झोपेनात."

कावळा म्हणाला, "मी नाही सोडणार. मला तहान लागलीय. कुरडई ओली आहे, गार आहे, म्हणून खातो. पण ती खारट आहे. खाल्ली की आणखी तहान लागते. मग आणखी एक खातो. खाली ती दगडी डोण आहे ना, पाखरांच्या पाण्याची? ती डोण भरेल, तेव्हा मी सोडेन."

झुपकी निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. डोणीपाशी आली. डोण कोरडी. आत पाचोळा. नुसती तापलेली.

"डोणबाई, डोणबाई, भर ना."

"का गं?"

"कावळा सोडेना,
आई येईना,
मोबाईल थांबेना,
पिनू उठेना,
कापूस मिळेना,
आणि माझी पिल्लं झोपेनात."

डोण म्हणाली, "मी नाही भरणार. मी आपली दगडाची. जागची हलत नाही. कोणी पाणी ओतलं तर भरते. बादली येईल, तेव्हा मी भरेन."

झुपकी निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. बादलीपाशी आली. बादली हापशाखाली पालथी पडली होती. पाठीवर ऊन घेत होती.

"बादलीबाई, बादलीबाई, हल ना."

"का गं?"

"डोण भरेना,
कावळा सोडेना,
आई येईना,
मोबाईल थांबेना,
पिनू उठेना,
कापूस मिळेना,
आणि माझी पिल्लं झोपेनात."

बादली म्हणाली, "मी नाही हलणार. रिकामी जाऊन काय करू? डोणीत काय ओतू? वारा? हापसा चालेल, तेव्हा मी हलेन."

झुपकीने मान वर केली. हापसा तिथेच होता. उंच, लोखंडी. त्याचा लांब दांडा आभाळाकडे वर गेलेला.

"हापसेकाका, हापसेकाका, चाला ना."

"का गं?"

झुपकीने मोठा श्वास घेतला.

"बादली हलेना,
डोण भरेना,
कावळा सोडेना,
आई येईना,
मोबाईल थांबेना,
पिनू उठेना,
कापूस मिळेना,
आणि माझी पिल्लं झोपेनात."

हापसा कुरकुरला. कर्र, कर्र. म्हणाला, "मी नाही चालणार. माझ्या पोटात पाणी आहे. गार गार पाणी आहे. पण दांडा दाबायला कोणी तरी हवं ना? मागच्या सुट्टीत मुलं यायची. दांड्याला लोंबकळायची. खडक् खट्ट, खडक् खट्ट. किती मजा यायची. शेजारची बकू येईल, तेव्हा मी चालेन."

झुपकी निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. आता तिचे पाय दुखायला लागले होते. टुणुक... टुणुक.

शेजारच्या घराची पायरी होती. पायरीवर बकू बसली होती. बकू सहा वर्षांची. दोन वेण्या, गुडघ्यावर खरचटलेलं. ती एकटीच चिंचोके मांडत होती. एकीकडे बकूचे चिंचोके. एकीकडे कोणाचे नाहीत.

"बकूताई, बकूताई, चल ना."

"का गं?"

"हापसा चालेना,
बादली हलेना,
डोण भरेना,
कावळा सोडेना,
आई येईना,
मोबाईल थांबेना,
पिनू उठेना,
कापूस मिळेना,
आणि माझी पिल्लं झोपेनात."

बकूने चिंचोके बाजूला ठेवले. म्हणाली, "झुपके, मी आले असते गं. पण माझ्या एकटीने दांडा दबत नाही. मी लोंबकळले तरी दबत नाही. मागच्या सुट्टीत आम्ही दोघं होतो. मी आणि पिनू. दोघं लोंबकळायचो. पिनू येईल, तेव्हा मी येईन."

झुपकी बघतच राहिली.

पिनू? पिनू तर उठतच नव्हता. पिनू उठेना म्हणून ती मोबाईलकडे गेली. मोबाईलकडून आईकडे गेली. आईकडून कावळ्याकडे, कावळ्याकडून डोणीकडे, डोणीकडून बादलीकडे, बादलीकडून हापशाकडे, हापशाकडून बकूकडे. आणि बकू म्हणते, पिनू.

झुपकी पायरीवर बसली. तिने शेपटी तोंडावर ओढून घेतली. तिला रडू आलं.

बकू तिच्याजवळ सरकली. एक बोट तिच्या पाठीवरून फिरवलं. पाठीवर तीन पट्टे. एक, दोन, तीन.

चिकूवरून आवाज आला, चीं चीं चीं.

झुपकी उठली. डोळे पुसले. म्हणाली, "बकूताई, पिनू नाही तर नाही. मी आहे ना."

"तू? तू तर एवढीशी."

"एवढीशी तर एवढीशी. मी दांड्यावर बसते. तू लोंबकळ. बघू तरी."

बकूने विचार केला. मग म्हणाली, "चल."

दोघी निघाल्या. बकू धावली, थप थप थप. झुपकी उड्या मारत गेली, टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

बकूने बादली सरळ केली. हापशाखाली ठेवली. दांडा धरला आणि लोंबकळली. झुपकी दांड्यावर चढली आणि मधोमध बसली.

दांडा हलला नाही.

झुपकी जरा पुढे सरकली. दांडा कुरकुरला. कर्र. पण खाली आला नाही.

बकू म्हणाली, "अजून पुढे. पार टोकाला जा."

टोक उंच होतं. टोक गरम होतं. झुपकीच्या पायाला चटका बसला. तरी ती गेली. एक पाय, दुसरा पाय, पार टोकाला. तिथे तिने एक उडी मारली.

टुणुक.

दांडा खाली आला. खडक्.

दांडा वर गेला. खट्ट.

बकू लोंबकळे, झुपकी उडी मारे. टुणुक, खडक् खट्ट. टुणुक, खडक् खट्ट. हापशाच्या पोटात गुडगुड झालं. हापसा खोकला. आणि पाणी आलं. भळाभळा, भळाभळा.

हापसा चालला.

बादली अर्धी भरली. बकूने दोन्ही हातांनी उचलली. डुचमळ डुचमळ. थोडं पाणी पायावर सांडलं, थोडं फ्रॉकवर सांडलं, पण बादली हलली.

बकूने आधी पाचोळा काढला. मग पाणी ओतलं. डोण तापलेली होती. चर्र झालं. आणखी एक बादली आणली. आणखी एक आणली. डोण भरली.

कावळा पत्र्यावरून खाली आला. डोणीच्या काठावर बसला. चोच खाली, चोच वर. चोच खाली, चोच वर. पोटभर पाणी प्यायला. मग म्हणाला, "नाही तरी कुरडया खारटच होत्या." आणि तो सावरीच्या झाडाकडे उडून गेला. कावळ्याने कुरडया सोडल्या.

आईने काठी खाली ठेवली. कंबर सरळ केली आणि घरात आली. मागोमाग झुपकी खिडकीत येऊन बसली.

घरात पिनू तसाच बसला होता. डोळे लाल. मान वाकडी. सकाळचं दूध वाटीत तसंच. वर साय धरलेली.

आईने मोबाईल घेतला. बटण दाबलं. टिडिंग टि... आणि मोबाईल थांबला. आईने तो फडताळात ठेवला. वरच्या फळीवर. दार लावलं. खट्.

पिनू रडायला लागला. मोठ्याने रडायला लागला. पाय आपटले. "मला हवाय, मला हवाय."

आई रागावली नाही. ती खाटेवर त्याच्याशेजारी बसली. पदराने त्याचे डोळे पुसले. म्हणाली, "मीच तुला दिला होता, पिनू. कुरडया घालायच्या होत्या ना. म्हटलं, हा गप्प बसेल. सकाळी दिला, आणि दुपार झाली. चुकलंच माझं."

पिनू रडतच होता. पण आता जरा हळू.

आई म्हणाली, "आता आपण ठरवू. जेवण झालं की एक गोष्ट बघायची. मीही बसेन तुझ्याजवळ. ती संपली की मोबाईल फडताळात."

"एकच?"

"एकच."

"मोठी?"

"मोठी नाही, छोटी नाही. मधली."

पिनूने नाक ओढलं. "आणि मग मी काय करू?"

बाहेरून आवाज येत होता. कर्र, कर्र. खिडकीतून हापसा दिसत होता. बकू दांड्याला लोंबकळत होती. एकटीच. दांडा जरा हले आणि थांबे.

पिनू बघत राहिला. मग म्हणाला, "तिला नाही जमत. मी लागतो."

आणि पिनू उठला.

पायात मुंग्या आल्या होत्या. तो वाकडा वाकडा चालला. झुपकी खाटेवर धावली. टुणुक टुणुक. उशीखाली पाहिलं. चादरीवर पाहिलं.

कापूस कुठे? खाटेवर कापूस नाही.

झुपकीने पिनूकडे पाहिलं. कापूस पिनूच्या चड्डीला चिकटला होता. मागे. पार पोळीसारखा चपटा.

"पिनूदादा, पिनूदादा, थांब. माझा कापूस घेऊन कुठे चाललास?"

पिनू इकडे वळला, तिकडे वळला. त्याला आपलं मागचं दिसेना. गोल गोल फिरला. आईला हसू आलं. पिनूलाही हसू आलं. गालावर अजून पाणी होतं, तरी हसू आलं.

आईने कापूस काढला. पिनूने हातावर घेतला. बघितलं आणि म्हणाला, "झुपके, हा तर चपटा झाला. मी बसलो म्हणून."

मग पिनू बाहेर गेला. बकूही आली. दोघांनी पायरीवर बसून कापूस पिंजला. बोटांनी हळूच मोकळा केला. एक धागा इकडे, एक धागा तिकडे. कापूस फुगला. आधी होता त्याहून मोठा झाला.

पिनू म्हणाला, "घे."

कापूस मिळाला.

झुपकी निघाली. तोंडात कापूस, मागे शेपटी. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. चिकूवर चढली. घरट्यात गेली. कापूस खाली पसरला, कडेला पसरला, थोडा वर ठेवला. एक पिल्लू इकडे वळलं. टोचलं नाही. एक तिकडे वळलं. टोचलं नाही. तिसरं तर वळलंच नाही. ते आधीच झोपलं होतं.

हापसा चालला,
बादली हलली,
डोण भरली,
कावळ्याने सोडलं,
आई आली,
मोबाईल थांबला,
पिनू उठला,
कापूस मिळाला,
आणि झुपकीची पिल्लं झोपली.

दुसऱ्या दिवशी जेवण झालं. पिनूने एक गोष्ट बघितली. मधली. आई जवळ बसली होती. गोष्ट संपली. पिनू म्हणाला, "अजून एक."

आई म्हणाली, "काय ठरलंय?"

पिनू फुगला. खाटेवर पालथा पडला. जरा वेळ तसाच पडून राहिला. मग बाहेर बकूने हाक मारली, "पिनूऽ". मग तो उठला. मोबाईल आईच्या हातात दिला आणि गेला.

तिसऱ्या दिवशी फुगला, पण थोडाच. चौथ्या दिवशी फुगायचं विसरला. बाहेर पाखरं डोणीवर रांग लावून बसली होती, आणि पाणी घालायचं होतं.

असे पुष्कळ दिवस गेले. झुपकीच्या पिल्लांना केस आले. पाठीवर पट्टे आले. आणि एका सकाळी त्यांनी डोळे उघडले. तिघांनी एकदम.

पिल्लांनी पानातून खाली पाहिलं. खाली दोन मुलं होती. ओली चिंब. एका लांब दांड्याला लोंबकळत होती. वर जात होती, खाली येत होती.

सगळ्यात धाकटं पिल्लू म्हणालं, "आई, ही कोण गं?"

झुपकी म्हणाली, "ती होय? ती आपली माणसं."

पाणी वाहिलं भळाभळा,
कापूस झाला गोळा गोळा,
गोष्ट माझी सांगून झाली,
आता तुम्ही अंगणात पळा.